फुंक आणि थांब

तापलेली काचेची बरणी फुंकनळीवरून निसटली आणि फरशीवर फुटली. सकाळपासूनची ही दुसरी. बाबांनी हात पाठीमागे नेले. पण थरथर खांद्यापर्यंत पोचली होती, ती कुठे लपवणार?

परगावाहून आलेल्या, दारात उभ्या असलेल्या त्यांच्या मुलानं बहिणीकडे पाहिलं.

"ताई, आता त्यांना कुणीतरी सांगायला हवं."

"सांग की. पण नळीवर काच असताना नाही."

काचेच्या त्या कारखान्याचा जुना नियम. भट्टीसमोर बाबा दोनच शब्द बोलायचे, 'फुंक' आणि 'थांब'. नियम त्यांनी एकदाच मोडला होता. याच मुलाच्या हातून बरणी वाकडी झाली, तेव्हा चारचौघांत म्हणाले होते, "तुझ्या हातात काच टिकायची नाही." मुलानं नळी खाली ठेवली, परगावी जाऊन दुकानात नोकरी धरली. वाक्य मात्र सोबत नेलं. आज ते जसंच्या तसं ओठांवर आलं होतं.

ताईनं उरलेल्या बरण्या निववायच्या भट्टीत सरकवल्या. तिथे काच हळूहळू गार होते. घाई केली की तडकते. कामगार हात धुऊन निघून गेले. बाबा खाली बसून फुटलेले तुकडे गोळा करू लागले. एकही तुकडा चिमटीत धरवेना. कुणी बघत नाही ना, म्हणून त्यांनी मान वर केली, तर मुलगा बघत होता.

"बोल," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं दाबून ठेवलंयस. आज माझी पाळी."

मुलगा खाली बसून तुकडे वेचू लागला.

"बाबा, नळी मी धरतो. तुम्ही सांगाल तसं."

बाबा बाकावर जाऊन बसले, हात मांड्यांखाली दाबून. ताईनं वितळत्या काचेच्या भट्टीचं दार उघडलं. मुलानं नळीच्या टोकावर काच घेतली, फिरवली, फुंकली. सवय गेलेली, फुगा एका अंगाला कलला. त्याची मान खाली गेली, पूर्वी जायची तशीच.

"फुंक," बाबा म्हणाले.

त्यानं फुंकलं. कललेलं अंग भरून येऊ लागलं.

"थांब."

फुगा काही अगदी गोल झाला नव्हता. तरी बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. थरथरता हात बाहेर काढून त्यांनी दोघांसमोर डोळे पुसले.

"तेव्हाही एवढंच म्हणायला हवं होतं रे मी," ते म्हणाले.