सासूबाईंचं वजन

सून जिमला जाणार म्हटल्यावर सासूबाई आधी हसल्या, मग खोकल्या आणि खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "अगं काडी, तू तिथे करणार काय? झाडू मारणार?"

काडी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. उभा जन्म शिवणयंत्रावर गेलेल्या बाईला माणूस आधी मापातच दिसतो. सुनेचा दंड पहिल्यांदा मापला तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "ही बाही शिवायची की पेन्सिलीला म्यान?" सून चष्म्याच्या दुकानात कामाला. मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू पिळायचे, यापलीकडे तिच्या हातांना कधी जोर लागलाच नव्हता.

पण सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांनी अंथरूण धरलं. मुलगा ट्रक घेऊन सदा रस्त्यावर. घरी असला की आईला उशीसारखं उचलून खुर्चीत ठेवायचा, पण घरी असायचा कितीसा? एरवी सगळा भार काडीवर. एकदा पलंगावरून खुर्चीत बसवताना दोघी धाडकन जमिनीवर आल्या. सून खाली, सासू वर. "पडले तीही काड्यांच्या मोळीवर," असं सासूबाई पुढे सांगत. लागलं कुणालाच नाही, पण बातमी थोरल्या लेकीपर्यंत पोचली आणि ती तडक आली. वृद्धाश्रमात जागा बघूनच आली होती.

"तुला दोष देत नाही गं," ती भावजयीला म्हणाली, "पण पुन्हा पडली तर?"

"हिवाळा संपेपर्यंत थांबा, वन्सं. मी उचलेन आईंना. एकटी."

लेकीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि केवळ सभ्यपणामुळे ती काही बोलली नाही.

त्या आश्रमाचे पडदे कधीकाळी सासूबाईंनीच शिवले होते. पडदे लावायला गेल्या तेव्हा जेवणाची वेळ होती. एवढी माणसं आणि आवाज फक्त चमच्यांचा. ती शांतता त्यांच्या कानातून अजून गेली नव्हती.

जिमचा मास्तर म्हणजे नुसता डोंगर. पहिल्या दिवशी त्याने सुनेला वजनं न लावलेली रिकामी दांडी दिली.

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"तीच जड झाली. आणि मेला मला काकू म्हणतो."

दुसऱ्या दिवशी काडीला केस विंचरायला हात वर नेता येईनात. सासूबाईंनी तिला पलंगाला टेकवून बसवलं आणि स्वतः वेणी घातली. "शिवण घट्ट मारलीय," त्या म्हणाल्या, "आता उसवायची नाही."

पण मनातून त्या घाबरलेल्याच होत्या. आपणही हातभार लावावा म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. आपणच हलक्या झालो तर? सून पाठमोरी झाली की ताटातलं अर्धं जेवण खिडकीत. तिथे एक मांजर यायचं. बघता बघता ते मांजर गोलमटोल झालं आणि सासूबाई कोमेजल्या. आणि गंमत अशी, की हलक्या झालेल्या सासूबाई पूर्वीपेक्षा जड लागू लागल्या. मानेभोवती टाकलेले हात निसटायचे, पाय जमिनीला रेटाच देईनात.

एके सकाळी काडी खिडकीशी उभी राहिली. तिने मांजराकडे पाहिलं, मग सासूकडे.

"आई, हे मांजर कुणाचं खातंय?"

"त्याच्या नशिबाचं."

"मी तिकडे वजन वाढवायला मरतेय आणि तुम्ही इकडे कमी करताय? डोंगर म्हणतो, अंग जिममध्ये बनत नाही, ताटात आणि झोपेत बनतं. आणि आपलं अंग सोडून दिलेलं माणूस उचलणं सगळ्यात कठीण! तुम्ही मला धरलंत, पाय रेटलेत, तर निम्मं काम तुमचंच आहे."

हे निम्मं काम सासूबाईंना फार आवडलं. कितीतरी दिवसांत त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या ताटावर पहारा ठेवून उकडलेली अंडी खाऊ लागल्या. सासूबाई पलंगावर पडल्या पडल्या उशी आवळायच्या, पाय भिंतीला रेटायच्या. डोंगराने दांडीला पहिली चकती लावली ती बातमी काडीने दारातूनच दिली. काकूची ताईही त्याच दिवशी झाली.

मग एका संध्याकाळी पाणी देताना सुनेच्या बाहीची शिवण करकचून ताणलेली सासूबाईंना दिसली. "काढ तो शर्ट," त्या म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी बाही उसवली, आत दडवलेली जादा कापडाची माया मोकळी केली. लोकांच्या पोटापायी त्यांनी ढिगांनी कपडे सैल करून दिले होते. दंडापायी हे पहिलंच. टाके घालताना त्या दोनदा थांबल्या आणि तो दंड बोटांनी चाचपून पाहिला, एखादं उंची कापड पाहावं तसा. काडी लाजली.

हिवाळा संपला. लेक आली, गाडी दारात उभी करूनच. पडलीच आई तर सावरायला ती हात पसरून पलंगाशी उभी राहिली.

काडीने पाय फाकवून रोवले. सासूबाईंना अगदी छातीशी घेतलं, कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकली. "आई, धरा. रेटा."

सासूबाईंनी धरलं, रेटलं. गालाखालच्या त्या खांद्यात काहीतरी कठीण होऊन वर सरकलं. खोली वळली आणि त्या खुर्चीत होत्या. काचेचं भांडं फडताळात ठेवावं इतक्या सावकाश.

लेक पुटपुटली, "एकदा जमलं म्हणून काय..."

"खरंय तिचं," सासूबाई म्हणाल्या. "एकदाने काय होतंय? काडी, ठेव मला परत पलंगावर. आणि पुन्हा उचल."

सुनेने ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. कपाळावर घाम, पण हात थरथरले नाहीत. सासूबाई तिच्याकडे पाहत होत्या. आपण आयुष्यात इतकी मापं घेतली, आणि हिचंच चुकलं, असं त्यांना वाटलं.

पाहता पाहता लेकच पलंगाच्या कडेवर बसली आणि डोळे पुसू लागली.

"रडायचं ते नंतर रड," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. "आधी ऊठ तिथून. आमचं अजून संपलेलं नाही."