हातमोज्यांचं बंद पाकीट

चर्चमध्ये त्यांना सगळे पेलेमावशीच म्हणत. पाळक बदलले, बाकं बदलली, ऑर्गन वाजवणारा म्हातारा गेला आणि त्याची सून वाजवायला लागली, पण प्रभुभोजनाचे पेले मावशींच्याच हातचे. बोटाच्या पेराएवढे काचेचे पेले, भोकाभोकांच्या लाकडी तबकांत बसवलेले. या मंडळीची रीत अशी, की दर रविवारी तबक बाकाबाकावरून फिरायचं, ज्यानं त्यानं आपला पेला उचलायचा आणि हातात धरून थांबायचं. आधी कोणी प्यायचं नाही. अगदी मागच्या बाकावरच्या माणसाला मिळाला, पाळकांनी वचन वाचून ‘आपण सगळे मिळून घेऊ या’ म्हटलं, की सगळ्यांनी एकदम. एखादा पाहुणा घाईनं पिऊन मोकळा झाला, तर पोरं आठवडाभर त्याच्या नकला करत.

त्या रविवारी तबक मावशींच्या बाकावरून पुढे गेलं. मावशींनी आपला पेला उचलला. शेजारी त्यांची नात ठकी बसली होती, पाच वर्षांची. लहान मुलांना पेला मिळत नसे, म्हणून ती रागानं आपल्या बुटांकडे बघत होती. मावशींना आठवडाभर सर्दी, नाक चोंदलेलं. रुमाल काढायला त्यांनी पर्समध्ये हात घातला, तर हाताला काहीतरी कुरकुरीत लागलं. बाहेर काढून बघतात तो रबरी हातमोज्यांचं पाकीट. बंद. वरची पट्टीसुद्धा फाडलेली नाही.

मावशींनी ते पटकन पुन्हा पर्समध्ये कोंबलं.

आता या पाकिटाचं काय एवढं, ते सांगायला हवं. इथल्या पाण्यात क्षार फार. पेल्यांवर पांढरे डाग धरलेले. लिंबू झालं, सोडा झाला, डाग ढिम्म हलेनात. त्यात मावशींच्या थोरल्या जाऊबाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, “पेले आहेत का चुन्याच्या डब्या?” झालं. मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. या जाऊबाई शनिवारी वेदीवरची फुलं लावायला येत, आणि फुलं लावता लावता जगाचं कुठे काय चुकतंय ते बघत. त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मावशींनी नळदुरुस्तीवाल्याला गाठलं. त्यानं डाग काढायचं ॲसिड आणून दिलं आणि बजावलं, “मावशी, पेले यात बुडवा, चिमट्यानं बाहेर काढा, आणि मग हातमोजे घालून वाहत्या नळाखाली धुवा. चांगले खळखळून. काचेच्या तळाशी थेंब जरी राहिला ना, तर घसा सोलून निघेल माणसाचा.” हातमोज्यांचं पाकीटही त्यानंच दिलं होतं.

हेच ते पाकीट.

मावशी आठवायला लागल्या. काल दुपारी चर्चच्या स्वयंपाकघरात टब भरला, हे आठवत होतं. पेले बुडवले, आठवत होतं. चिमट्यानं एकेक काढून तबकात उभा केला, टब मोरीत ओतला, तबकांवर पांढरं कापड घातलं, घरी आल्या. आणि धुतले कधी? चिमटा आणि कापड यांच्या मधे नळ कुठे होता? नळ आठवतच नव्हता. आज सकाळी कापड काढलं तेव्हा पेले लखलखत होते, मावशींना कोण आनंद झाला होता. त्या आनंदात त्यांनी सरळ द्राक्षरस ओतला. तळाशी ओल होती का? असेलही. त्यांनी हातातला पेला नाकाशी नेला. चोंदलेल्या नाकाला कसला वास येणार, कप्पाळ.

तबक चौथ्या बाकावर गेलं. पाचव्या.

समोर गायनमंडळात मावशींची लेक उभी होती, हातात पेला धरून. दवाखान्यात परिचारिका. रात्रपाळी करून तशीच आलेली, डोळे तांबारलेले. तिच्या शेजारी ऑर्गनवाली सून, पोटुशी. तिच्याही हातात पेला. मावशी एकेकाचा हात बघत सुटल्या. हा शिंपी, ही शाळेतली बाई, हा परवाच आजारातून उठलेला. सगळ्यांच्या बोटांत त्यांनीच भरून दिलेलं ते गोड, तांबडं काहीतरी.

मग उठून सांगायचं ना, तुम्ही म्हणाल. सांगायला काय लागतं? लागतं हो. मावशींचा जीव जिथे अडकला होता ती जागा त्यांच्या शेजारी बसून बुटांशी बोलत होती.

तीन महिन्यांपूर्वी दुधाचं पातेलं गॅसवर राहून जळून कोळसा झालं होतं. लेकीनं ते घासलं, खिडक्या उघडल्या आणि न ओरडता म्हणाली, “आई, आणखी एकदा असं झालं ना, तर ठकीला मी पाळणाघरात ठेवीन. तू घरी एकटी सांभाळायचं नाहीस.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. जावई परगावी, लेक दवाखान्यात, घरात दिवसभर या दोघीच. ठकी नसेल तर त्या घरात मावशींनी करायचं काय, भिंती मोजायच्या?

आणि लेकीला ठाऊक नसलेली गोष्ट वेगळीच. गेल्या महिन्यात मावशी भाजी घेऊन घरी आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली, आणि दुसरा हात हलका हलका का वाटतोय म्हणून बघतात तो ठकी नाही. पोरगी दुकानातच राहिलेली. मावशी चप्पल न घालता धावल्या. मधला तो हमरस्ता कसा ओलांडला, देव जाणे. ठकी दुकानात खोक्यावर बसून मटार सोलून खात होती. “आजी, तू लपलीस ना?” म्हणाली. मावशींनी तिला पोटाशी धरलं आणि सांगितलं, हे आपल्या दोघींचं गुपित. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून रोज सकाळी उठलं की त्या आधी स्वतःला तपासत, काल काय जेवलो, परवा कोण आलं होतं. आणि आता हे. इतक्या लोकांसमोर उठून ‘मी विसरले’ म्हणायचं, आणि समोर लेक उभी.

नसेलच काही, मावशींनी स्वतःला समजावलं. धुतले असतील. हातमोजे न घालताच धुतले असतील, आपल्याला मेली सवय कुठे आहे हातमोज्यांची. त्यांनी स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले. हात छान होते. सुरकुतलेले, पण छान. ॲसिडाचे पेले धुतलेले हात काही असे नसतात.

तबक शेवटच्या बाकावर पोचलं. चर्च शांत झालं. पाळकांनी पुस्तक उघडलं. तरुण होते, नवीन होते, सावकाश वाचायचे. पहिल्यांदाच मावशींना वाटलं, आणखी सावकाश वाचा हो. पण वचन ते केवढं, संपायचंच. पाळकांनी पुस्तक मिटलं, पेला उचलला. लेकीनं पेला उचलला.

मावशी उठल्या. त्या उठल्या म्हणण्यापेक्षा गुडघेच उठले, बाकीच्या मावशी त्यांच्यामागून.

“पिऊ नका,” त्या म्हणाल्या. घशातून आवाज निघाला तो मांजरीच्या पिल्लाएवढा.

पाळक थांबले. “मावशी, काही त्रास होतोय का?”

“पिऊ नका कोणी. पेले ॲसिडात घातले होते. मी... मी धुवायला विसरले.”

कुठेतरी एक पेला फरशीवर पडून फुटला. मागच्या बाकावरच्या एका बाईनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. मावशींना कोणाचंच तोंड नीट दिसत नव्हतं, लेकीचं तेवढं दिसत होतं. लेक पांढरीफटक पडून आईकडे बघत होती, मग तिची नजर ठकीवर गेली आणि तिथेच राहिली. झालं, मावशींना वाटलं. संपलं.

तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून जाऊबाई उठल्या.

आधी सांगायला हवं, या बाईंनी जन्मात खोटं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. वय विचारलं तरी खरं सांगायच्या. लोकांच्या सुनांचा स्वयंपाकही त्यांनी खराखरा सांगितलेला.

“काहीतरीच काय बोलतेस,” जाऊबाई म्हणाल्या. “काल तूच धुतलेस की. मी शेजारी फुलांचे देठ कापत उभी होते. सर्दीनं डोकं भणभणलंय तुझं, बस खाली.” आणि एवढं बोलून त्यांनी आपला पेला तोंडाला लावला आणि रिकामा केला. एकट्यांनी. सगळ्यांच्या आधी.

मावशी जाऊबाईंच्या गळ्याकडे बघत राहिल्या. आता हात गळ्याशी जाईल, आता बाई खाली बसेल. जाऊबाईंनी ओठ पुसले. “गोड आहे. पाळकसाहेब, चालू द्या.”

पाळकांनी जिभेच्या टोकानं चाखलं. थोडं थांबले. मग त्यांनी मान हलवली आणि ठरलेले शब्द म्हटले. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, जाऊबाईंकडे बघितलं, आणि प्याले. जाऊबाई म्हणतात म्हणजे झालं. मावशींचा पेला तेवढा राहिला. अर्धा त्यांच्या पदरावर सांडला होता.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण भीती आणखी आत शिरली. पेले धुतल्याचं विसरलो, एक वेळ समजू. पण जाऊबाई शेजारी उभ्या होत्या? एवढी बाई, आणि ते तोंड, आणि आपल्याला त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही? त्यांनी पुन्हा पुन्हा काल दुपारचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणलं. तिथे त्या एकट्याच होत्या. शेवटचं गीत त्यांनी नुसते ओठ हलवून म्हटलं.

उपासना सुटल्यावर त्या तबकं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. जाऊबाई मोरीपाशी उभ्या होत्या. नळ सोडलेला, पण हात पाण्यात घालत नव्हत्या.

“जाऊबाई,” मावशी म्हणाल्या, “तुम्ही काल खरंच होतात इथे?”

“होते.”

“माझ्या शेजारी?”

जाऊबाईंनी आधी नळ बंद केला. मग उजव्या हाताला गुंडाळलेला रुमाल सोडला. बोटांची टोकं लालबुंद, दोन ठिकाणी कातडं निघालेलं. “तू गेल्यावर आले मी. फुलदाणीत पाणी घ्यायला. कापडाखालून वास आला म्हणून बघितलं. मग काय करणार, धुतले. हातमोजे तुझ्या पर्समध्ये, मी काय घालू?”

मावशींनी तो हात उजेडात धरून बघितला. “वेदीसमोर खोटं बोललात?”

“बोलले. देवाशी माझं मी बघून घेईन.” जाऊबाई रुमाल पुन्हा गुंडाळायला लागल्या, तो एका हातानं जमेना, तेव्हा मावशींनी गाठ मारून दिली. “ऐक. काल माझे गुडघे दुखत होते. येणारच नव्हते मी. फुलं सकाळी लावू म्हणत होते.”

आपल्याला जे दिसतंय तेच जाऊबाईंनाही दिसतंय, हे मावशींना कळलं. तांबडे पेले एकदम वर जाणारे. ऑर्गनवाली सून.

“पेले मी धुतले,” जाऊबाई म्हणाल्या. “यापुढेही येईन शनिवारी, शेजारी उभी राहीन, तू कितीही तोंड वाकडं केलंस तरी. पण तुझ्या घरी मला नाही येऊन उभं राहता यायचं. तिथलं तू बघ.”

दारात लेक आली, ठकीला घेऊन. “आई, काय झालं होतं तुला मघाशी? मोठ्या काकू म्हणतात ते खरं ना? सर्दीमुळेच ना?”

ती उत्तराच्या आधीच मान हलवत होती. तिलाही होच ऐकायचं होतं. मावशींनी जाऊबाईंकडे बघितलं, तर त्या पाठ फिरवून तबकं एकावर एक रचत होत्या. नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. ठकीनं नेहमीसारखा हात पुढे केला, “आजी, चल ना घरी.”

मावशींनी तो हात धरला. मऊ, घामेजलेला हात. बाहेर तो हमरस्ता होता. त्यांनी ठकीचा हात उचलला आणि लेकीच्या हातात दिला.

“गेल्या महिन्यात मी हिला भाजीच्या दुकानात विसरून घरी आले होते,” त्या म्हणाल्या. “आणि पेले मी धुतलेच नव्हते.”

लेकीनं ठकीचा हात एवढा आवळला, की ठकी कळवळली. मग ठकीचे ओठ थरथरायला लागले.

“आजी, ते आपलं गुपित होतं,” ती म्हणाली. “कोणाला सांगायचं नाही, तूच म्हणाली होतीस. तू विसरलीस?”

“नाही गं राणी,” मावशी म्हणाल्या. “आठवतंय तोवर सांगून टाकते आहे.”