पाठमोऱ्या बाई

काचेचे पेले बनवणाऱ्या त्या कारखान्यात बायका पुष्कळ होत्या, पण ‘बाई’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच उभी राही: पेला पारखायला शिकवणारी. भट्टीतून निघालेला पेला खोक्यात जाण्याआधी सरकत्या पट्ट्यावरून तपासणाऱ्यांच्या हातात येतो. काठाचा टवका उडालाय का, काचेत बुडबुडा राहिलाय का, बुडाशी केसाएवढा तडा गेलाय का, हे त्यांनी बघायचं. आणि कसं बघायचं ते बाईंनी शिकवायचं.

बाई शिकवत जीव ओतून. शेवटी परीक्षा असे. बाई टेबलाशी उभ्या राहत, एकेकजण समोर येऊन पेला उचले आणि ‘चांगला’ किंवा ‘बाद’ म्हणे. दर तुकडीत सगळे पैकीच्या पैकी. ‘प्रशिक्षण कसं वाटलं?’ असं विचारलं की सगळे एका सुरात सांगत, ‘फारच छान!’ बाईंना मूठभर मांस चढे.

एके दिवशी साहेब परत आलेल्या पेल्यांचं खोकं घेऊन वर्गात आले आणि ते त्यांनी टेबलावर ठेवलं.

“बाई, तुमच्या वर्गात सगळे पहिले नंबर. मग गिऱ्हाईकाच्या घरी हे तडे गेलेले पेले कोणी धाडले? मी?”

बाईंनी खोक्यातला एक पेला उचलून बघितला.

“पुढच्या तुकडीनंतरही हेच दिसलं तर वर्ग बंद. ही खोली मला खोकी ठेवायला हवीच आहे. तुम्ही गोदामाची मोजदाद बघा.”

 मोजदाद काही वाईट काम नव्हे. पण खोकी प्रश्न विचारत नाहीत, चुकत नाहीत, आणि ‘अस्सं होय!’ असंही म्हणत नाहीत. ते ‘अस्सं होय’ ऐकण्यासाठी तर बाई रोज कामावर येत.

त्यांनी तास वाढवले, चित्रं मोठी केली, सदोष पेल्यांचे नवे नमुने जमवले. नव्या तुकडीच्या सराव परीक्षेत पुन्हा सगळे पैकीच्या पैकी, आणि सरावाला पट्ट्यावर उभं केलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

त्या संध्याकाळी घरी लेकीनं हट्ट धरला, “आई, बटण लपव ना!” बाईंनी मुठी पुढे केल्या. लेकीनं बरोबर ओळखलं. पुन्हा लपवलं, पुन्हा ओळखलं. तिसऱ्यांदाही तेच.

“चोरून बघतेस काय गं?”

“मुठींकडे बघतंय कोण? माझं बोट बटणाच्या मुठीवर आलं की तू ओठ दाबतेस. हे बघ, अश्शी!” लेकीनं गाल आत ओढून आईची हुबेहूब नक्कल केली.

बाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी एक निर्दोष पेला टेबलावर ठेवला. तुकडीतल्या सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या काकू पुढे आल्या. त्यांनी पेला उचलताच बाईंनी मुद्दाम ओठ घट्ट दाबले.

“बाद!” काकू ठणकावून म्हणाल्या.

“का बरं?”

“का म्हणजे? तडा आहे.”

“कुठं आहे?”

काकूंनी पेला फिरवला, उलटा केला, पुन्हा फिरवला. “आत्ता तर होता, मेला!”

वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावर मामा होते. पट्ट्यावर सगळ्यांत जुने. ते म्हणाले, “काकू, तडा पेल्यात नव्हता. बाईंच्या तोंडावर होता!”

“तुम्हीपण तेच करता की, मामा!”

“मग? पेल्यापेक्षा बाईंचं तोंड स्वच्छ दिसतं. पट्ट्यावर बाई नसतात, तिथंच आमचं घोडं पेंड खातं.”

बाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मग त्यांनी परीक्षेची रीतच बदलली. कोणाच्या हातात पेला आला की त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. नुसतं ‘बाद’ चालणार नाही. कुठं काय दिसलं ते बोट ठेवून सांगायचं, आणि शेजाऱ्याला पटलं नाही तर त्यानं भांडायचं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ.

“बाई, जरा वळा ना!”

“वळणार नाही.”

“निदान ‘हं’ तरी म्हणा!”

“हंसुद्धा नाही.”

“एक वेळ देव पावेल,” मामा पुटपुटले आणि नाइलाजानं पेला दिव्यासमोर धरून बघू लागले.

नेमके तेव्हाच साहेब आत आले. “बाई, तुम्हाला कोणी शिक्षा केली?” मग निकाल ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “पूर्वी सगळे पास, आता निम्मे नापास. याला सुधारणा म्हणायचं?”

“साहेब, पूर्वी मीच पास होत होते. आता कुठं ते व्हायला लागलेत. खरी परीक्षा या खोलीत नाहीच. आणखी थोडे दिवस द्या. मग बुडाला फक्त तुम्हालाच ओळखू येईल असा बारीक ठिपका लावून काही सदोष पेले तुम्हीच पट्ट्यावर सोडा. मी समोर नसेन.”

“आणि ते खोक्यापर्यंत पोचले तर?”

“तर खोकी आणून ठेवा इथं,” बाई बोलून गेल्या, आणि लगेच जीभ चावली.

ठरल्या दिवशी साहेबांनी आपल्या हातानं पेले सोडले आणि दोघं पट्ट्याच्या शेवटाला, रचलेल्या मालाआड उभे राहिले. आलेला प्रत्येक पेला साहेब उलटा करून बघत. ठिपका नाही. पुन्हा नाही. मग एक आला: ठिपका! आत बुडबुडा.

“हा पहिला,” साहेब म्हणाले.

बाई पट्ट्याकडे वाकून बघू लागल्या. पण मागून दुसरा आलाच नाही. साहेब तरातरा बाद मालाच्या टोपलीशी गेले. बाकी सगळे ठिपकेवाले तिथं होते. वर काही बिनठिपक्याचेही.

“हे मी सोडले नव्हते.”

“ते तुमच्या भट्टीनं सोडले,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी त्यातला एक उचलला आणि डोळे वटारून काकूंसमोर धरला. “हा चांगला माल बाद कसा केलात?”

काकूंनी साहेबांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पेला दिव्याकडे धरून फिरवला. “बुडाशी तडा. हा इथं.”

“मला नाही दिसत.”

“मग चष्मा लावा, साहेब.”

मामांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. साहेबांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि बराच वेळ पेला न्याहाळला.

“खोक्यांसाठी जिन्याखाली जागा बघावी लागेल,” ते शेवटी म्हणाले. “पण बाई, तो बुडबुडा सुटला त्याचं काय?”

“त्याच्यासाठीच तर खोली हवीय,” बाई म्हणाल्या आणि साहेबांच्या हातातला पेला काढून घेऊन वर्गाकडे निघाल्या.