आठ किलोंचं गाऱ्हाणं

लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २००६ साली, मिठबावची मथुरा टेस्ट ट्यूब बेबीसाठी कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोबत नवरा गुणाजी आणि सासू कृष्णाबाई.

"चरबी नुसती बसून नसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते. तो मेंदूला निरोप. मग मेंदू अंडाशयाला हुकूम देतो. चरबी फार झाली की निरोपांचा इतका मारा होतो, की मेंदू ऐकेनासा होतो. आठ किलो उतरवा, मग उपचार सुरू करू."

मेंदू ऐकत नाही म्हटल्यावर ऐकणारा एकच उरला. कृष्णाबाईंनी गावी येताच ती चरबी घालवायला देवळात गाऱ्हाणं ठरवलं.

महादू गुरव नियमाचा पक्का. "वायट नुसता 'जा' म्हटल्यार जायत नाय. खंय जावचा, ता सांगूचा लागता. उत्तरेच्या वेशीभायर धाडू?"

"थंय माझा माहेर," कृष्णाबाई म्हणाल्या.

"दक्षिणेक?"

"लेकीचा सासर!"

"मगे दर्यात."

"दर्यात बांगडे खातले, नि ते बांगडे परत मथुराच खातली!"

गुणाजी खांबाला टेकून जांभई देत होता. आईची नजर त्याच्यावर स्थिरावली.

"बा देवा म्हाराजा," महादूने सुरू केलं, "मथुराची आठ किलो चरबी तिच्या घोवाक, ह्या गुणाजीक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. त्यात गुणाजीही होता. सवयीने.

मथुरा रोज किनाऱ्यावरून चालू लागली, भात अर्धा केला, वाटपाची आमटी सोडली. तिच्या वाटणीचं सगळं गुणाजीच्या ताटात. "खा रे," कृष्णाबाई बजावत, "देवाक शब्द दिलो आसा." गुणाजी आधीच भरलेला. सहा महिन्यांनी होडीवाले त्याला बरोब्बर मधोमध बसवू लागले.

मथुराचे आठ किलो उतरले. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मग त्यांनी गुणाजीचा नवा रिपोर्ट पाहिला.

"मागच्या वेळी जेमतेम होतं. आता शुक्रजंतू निम्म्यावर! पुरुषाची चरबीही गप्प बसत नाही हो. आता ह्यांनी आठ किलो उतरवायचे, मगच सुरुवात."

कृष्णाबाईंनी मान वळवली.

"माका परत नको हां, आये," मथुरा घाईघाईने म्हणाली.

कृष्णाबाई विचारात पडल्या. मग काडीसारख्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी मायेने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, "बाई, तुमचं गाव कुठलं हो?"