ताडपत्रीची शेवटची गाठ

ज्याला देवाने चाकं दिली त्याने आपल्या चाकांवर चालावं, दुसऱ्याच्या पाठंगुळी बसू नये, असं द्वारकाबाई म्हात्र्यांचं मत. कोलाडच्या यार्डात ते त्यांनी भेटेल त्याला ऐकवलं. पण घाटात डिझेल जाळण्यापेक्षा भरला ट्रक मालगाडीवर चढवायचा आणि कर्नाटकात सुरतकलला उतरवायचा, हा जावयाचा हट्ट. लेक, कुंदा, नवऱ्याच्या बाजूची. मग बाईंनी अट घातली, "ट्रक माझा आहे. पहिल्या खेपेला मी बसणार."

हरेश्वर जावई म्हणून वाईट नव्हता. ड्रायव्हर तर चांगलाच. त्याला एकच खोड होती: सासूने हाक मारली की जेवत असला तरी ताटावरून उठून उभा राहायचा. केबिनमध्येसुद्धा उठायचा, आणि डोकं टपाला आपटायचा. बाईंना ते मनातून फार आवडायचं.

चाकांखाली लाकडी पाचरी ठोकल्या, साखळ्या आवळल्या. वॅगनवर ओळीने ट्रक उभे, ज्याचे त्याचे ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये. यार्डातल्या साहेबाने सगळ्यांना बजावलं, "वर विजेची तार आहे. हात लावायलाच लागतो असं नाही, जवळ गेलात तरी ओढते. मालावर कोणी चढायचं नाही." ड्रायव्हर लोकांनी कीर्तनात डोलावी तशी मान डोलावली आणि तंबाखू मळायला घेतली.

गाडी सुटली. स्टिअरिंग गप्प, इंजिन गार, आणि झाडं मात्र पळताहेत. बाईंना ते सोंग वाटलं. एक लांबलचक बोगदा मागे पडला आणि मालावरून फडफड ऐकू यायला लागली.

"जावईबापू, ताडपत्री सुटली वाटतं."

हरेश्वर उठला, डोकं आपटलं, बसला. "एक कोपरा असेल, आई. टिकेल."

"टिकेल! तुमच्या गाठीला आमची कोंबडी पाय लावून गेली तरी सुटेल. पेणचे पोहे आहेत ते. भिजले की चिवडा होत नाही, खळ होते खळ. समोर आभाळ बघा कसं भरलंय."

"बघतो."

"काय बघता? लग्नात मागून कोणी 'आरटीओ' ओरडलं तर मुंडावळ्यांसकट टेबलाखाली शिरलात. माझी लेक एकटीच हार घेऊन उभी!"

"क्लीनर होतो तेव्हाची सवय, आई. रेतीच्या ढिगावर बसलेलो असायचो. आरटीओ म्हटलं की पोटावर आडवं व्हायचं आणि दोरीवरून घसरून पलीकडे उतरायचं. अंगात बसलंय ते."

"गाठी मारायच्या तेवढ्या बसल्या नाहीत अंगात."

 हरेश्वरचे कान लाल झालेले बाईंनी पाहिले आणि त्या समाधानाने पेंगल्या.

जाग आली तेव्हा गाडी एका बारक्या स्टेशनात समोरची गाडी जाऊ देण्यासाठी थांबली होती. शेजारची सीट रिकामी. डोक्यावर धप, धप. पोत्यांवरून कोणीतरी रांगत होतं.

 दार उघडून बाईंनी मान बाहेर काढली. हरेश्वर मालावर मागच्या कोपऱ्यात उकिडवा बसून, पाठ करून दोरी ओढत होता. रस्त्यावरचा माणूस तो; गाडी थांबली की दोऱ्या बघायच्या, एवढंच हातांना ठाऊक. त्याच्या डोक्यावर तार होती. उभा राहिला तर संपलंच.

"जावईबा—"

अर्धी हाक बाईंनी पदराने दाबली. त्यांचा आवाज कानावर पडला की तो उभा राहणार. आणि नाही हाक मारली तरी शेवटची गाठ झाली की तो उठून पोत्यांवर पाय आपटून बघणार. प्रत्येक ड्रायव्हर बघतो.

त्या खाली खडीवर उतरल्या आणि वाकूनच मागच्या ट्रककडे धावल्या. त्या ट्रकचा ड्रायव्हर शीना पुजारी, सुरतकलचाच, सकाळी त्यांच्याबरोबर चहा प्यालेला. त्यानेही वर पाहिलं होतं आणि तो तोंड उघडणार इतक्यात बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"अम्मा, हाक मारतो. खाली ये म्हणतो."

"नको! वळून उभा राहील. तू 'आरटीओ' म्हणून ओरड."

"रेल्वेत कुठला आरटीओ?"

"तुझ्या बापाचा! माझा आवाज तो ओळखतो. ओरड मेल्या!"

वर हरेश्वरने गाठ दातांनी आवळायला घेतली.

"आरटीओ!" शीनाने छाती फोडून बोंब मारली. "आरटीओ आला रे!"

हरेश्वर आधी आडवा झाला, विचार त्याने नंतर केला. पोटावर पडला, दोरी धरून पलीकडे घसरला, वॅगनवर आदळला आणि तिथून खडीवर चारी पायांवर आला. बाई दोन वॅगनच्या मधून वाकून पलीकडे पोहोचल्या तेव्हा तो गुडघे चोळत इकडे तिकडे बघत होता.

"कुठाय आरटीओ?"

"ही काय, तुमच्यापुढं उभी."

तो गडबडून उभा राहिला. बाईंनी नुसतं बोट वर केलं. त्याने तार पाहिली, मग पोती, मग पुन्हा तार. आणि तिथेच खडीवर मटकन बसला.

पावसाचे थेंब पडायला लागले. सुटलेला कोपरा बाजूला लोंबत होता. हरेश्वरचे डोळे तिकडे गेले तसं बाईंनी त्याच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली.

"भिजू देत. पोह्यांची खळ होते. माणसाची राख होते."

गाडी हलली तेव्हा दोघं केबिनमध्ये होती. मागे पाऊस पोह्यांवर पडत होता आणि बाई काचेतून समोर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "गाठ बरी होती तुमची. बोगद्यातला वाराच मेला दांडगा."

असं बोलणं हरेश्वरने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "आई," म्हणत तो उठायला लागला.

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं.

"बसा. आजपासून मी बोलले की बसून राहायचं."