पाणी आलेलं नाही

सुईबाईंच्या तोंडून एक शब्द गेला आणि त्या शब्दापायी भर दुपारी रक्त सांडलं. शब्द तरी कोणता, तर पाणी.

गोवराच्या लशीचे दोन भाग असतात. एक बाटलीतली पावडर आणि दुसरं ती विरघळवायला त्याच कंपनीकडून येणारं द्रावण. द्रावण हा शब्द कागदावर लिहायला ठीक. समोर पोरं भोकाड पसरून बसलेली असताना जिभेवर एवढं कोण घोळवणार? लसीकरण केंद्रातल्या सगळ्या नर्सा त्याला पाणीच म्हणायच्या. "पाणी गार केलंस का गं?" "एक पाणी सरकव इकडे." नर्स म्हणून सुईबाईंची उभी नोकरी असं म्हणण्यात गेली होती आणि त्यापायी कधी कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

तेव्हा काम लहान होतं. दर बुधवारी वस्तीतली तीस-चाळीस पोरं यायची. पावडर आणि पाणी एकाच खोक्यातून, नवराबायकोसारखी जोडीनं यायची. मग गोवर पसरला, पोरं दगावू लागली आणि वरच्यांना जाग आली. हुकूम सुटला: एका आठवड्यात सगळं शहर. हुकूम चांगलाच होता, त्याला कोण नाही म्हणेल? पण एवढा माल ठेवायला शीतगृह पुरेना. पावडरीला थंडी लागते, पाण्याला टोचायच्या आदल्या दिवसापर्यंत थंडीवाचून चालतं, म्हणून पावडर शहराच्या एका टोकाला ठेवली आणि पाणी दुसऱ्या टोकाच्या गोदामात. दोन गोदामं झाली म्हणून ट्रकही दोन. आणि मोहिमेला साठा कमी पडू नये म्हणून त्याआधीचे सगळे बुधवार बंद.

त्या बंद बुधवारांनी सुईबाईंच्या घरातलाच घास घेतला. धाकट्या दिराचा थोरला मुलगा. त्याच्या पाळीच्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता. सुईबाई म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी टोचू." पुढचा बुधवार आलाच नाही. आला तो गोवर. पोर सहा वर्षांचं होतं, शेवटच्या दिवशी त्याला डोळे उघडवत नव्हते तरी काकूचा हात ओळखत होतं.

दीर वेल्डर होता. सुईबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता, त्यांच्याच हातचं जेवून वाढला. नवरा गेल्यावर त्यानंच सांगितलं, "वहिनी, हे घर सोडून कुठे जायचं नाही." पोराला पुरून आल्या दिवसापासून मात्र तो त्यांच्याशी बोलला नव्हता. ताट समोर आलं की भिंतीकडे बघून जेवायचा. एकदाच, हात धुताना, म्हणाला, "जगाची पोरं टोचतेस. घरातल्याला मुहूर्त सापडला नाही." सुईबाईंनी ते ऐकून घेतलं. त्यांचं स्वतःला याहून वाईट बोलून झालं होतं.

आता घरात दिराचं एकच पोर उरलं होतं. भिंगरी. दोन वर्षांची, एका जागी न ठरणारी, म्हणून भिंगरी. मोहिमेच्या पहिल्या दिवशी, पहिली सुई तिला, असं सुईबाईंनी मनाशी धरलं होतं.

आणि पहिल्याच दिवशी पावडर आली, पाणी आलं नाही.

केंद्र म्हणजे टायरवाल्यांच्या रांगेतला भाड्याचा गाळा. लोखंडी शटर, आत दोन टेबलं, एक बाक, कोपऱ्यात निळ्या शीतपेट्या. सकाळपासून बाहेर माणूस माणसाला चिकटून उभं होतं. बायांच्या कडेवर पोरं, काहींच्या डोळ्यांत आधीच लाली. उन्हानं शटर तापून हात लावू देईना.

"सिस्टर, ट्रक भलत्याच केंद्रावर गेलाय," फोनवर तरुण डॉक्टर सांगत होता. त्याचाही घसा बसला होता. "तिथे पाणी दुप्पट आणि पावडरीचा पत्ता नाही. मी स्वतः निघतोय आणायला. पण आज होईलसं वाटत नाही."

"लोकांना काय सांगू?"

"खरं ते सांगा."

सुईबाई स्टुलावर चढल्या. मनात देवाचं नाव घेतलं, आणि खरं ते सांगितलं. "औषध आलंय! पण पाणी आलेलं नाही! उद्या या!"

मग पुढची एक म्हातारी म्हणाली, "पाणी? अगं बाई, माझ्या नळाला धो धो येतंय. हंडा आणू का?"

लोक हसले. ते हसणं मागे मागे जात राहिलं आणि मागे पोचेपर्यंत त्यातलं हसू संपलं होतं.

"पाण्यासाठी अडवलंय!"

"काल माझ्या बहिणीचं पोर गेलं, आणि ह्यांना पाणी मिळत नाही!"

"तसं नाही!" सुईबाई ओरडल्या. "पाणी म्हणजे पाणी नव्हे, ऐका..."

"ऐका, ऐका! पाणी म्हणजे पाणी नव्हे! मग काय अमृत?"

पहिला दगड शटरच्या पत्र्यावर बसला, दुसरा सुईबाईंच्या कपाळावर. त्या स्टुलासकट खाली आल्या. केंद्राच्या शिपायानं शटर ओढायला घेतलं, तेवढ्यात दहा हातांनी ते खालून धरलं. त्याचा तोल गेला. कुणीतरी त्याच्या तोंडावर गुडघा मारला. दात तुटल्याचा आवाज सुईबाईंना स्पष्ट ऐकू आला. तो रांगत मागच्या खिडकीकडे गेला आणि तिच्यातून पलीकडे पडला, तो काही परत आला नाही.

गर्दी आत घुसली. बाक मोडला. एक टेबल उलटलं, त्याच्याखाली एका बाईचा पाय आला आणि ती किंचाळत राहिली, पण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. सुईबाई शीतपेट्यांवर आडव्या पडल्या होत्या, पिलांवर कोंबडी बसते तशा.

"अरे, वाट द्या! डॉक्टर आलेत!"

आला तो कंपाउंडर. एका खासगी दवाखान्यात जन्म काढलेला, दवाखाना बंद पडल्यावर घरोघर सुया देत फिरणारा. वस्ती त्याला मानानं डॉक्टर म्हणायची. त्यानं आपली पिशवी टेबलावर ठेवली.

"सिस्टर, लोकांना का छळताय? पावडर विरघळवायची असते, एवढंच ना? हजारो विरघळवल्यात या हातांनी. इंजेक्शनचं पाणी आहे माझ्याकडे."

त्यानं पिशवीतून मूठभर ॲम्प्यूल, औषधाच्या काचेच्या बंद कुप्या, काढल्या. सगळ्या एका मापाच्या. घामानं आणि घासून घासून निम्म्यांवरची अक्षरं गेली होती. कुठली पाण्याची, कुठली दुखण्याची, कुठली भूल देताना स्नायू सैल करणारी, ते आता त्या पिशवीलाच ठाऊक. सुईबाईंना आठवलं. प्रशिक्षणात त्यांना एक प्रसंग सांगितला होता. कुठल्याशा केंद्रात त्यांच्यासारखीच एक नर्स, घाईत, तशाच मापाची चुकीची ॲम्प्यूल उचलते. रांग संपायच्या आत पोरं आयांच्या मांडीवर एकेक करून सैल पडतात. रडत नाहीत. रडायलाही अंगात जोर लागतो.

"यानं पोरं मरतील," त्या म्हणाल्या. "देवाशपथ सांगते. हे त्याचं पाणी नाही."

"न टोचता मरतायतच की!" कंपाउंडर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. त्याला मनापासून वाटत होतं की आपण पोरं वाचवतोय.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि दीर पुढे आला. एका खांद्यावर भिंगरी, दुसऱ्या हातात दुकानातली लोखंडी सळई. मागून त्याची बायको, सुईबाईंची जाऊ, पदर सुटलेला, "अहो, थांबा, अहो" करत.

"वहिनी, बाजूला हो."

"भाऊजी, उद्या. फक्त उद्यापर्यंत. मी स्वतः..."

"पुढच्या बुधवारी, ना?" तो हसला. तसलं हसू सुईबाईंनी त्याच्या तोंडावर आजवर पाहिलं नव्हतं. "एक पोर दिलं तुझ्या पुढच्या बुधवारला. अजून किती देऊ?"

"तुमच्या पाया पडते."

"पाया नको पडू. बाजूला हो."

त्यानं भिंगरीला टेबलावर बसवलं, सुईबाईंचे केस मुठीत धरले आणि त्यांना पेट्यांवरून खेचून काढलं. डोकं भिंतीवर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि विझले. विझल्यावर दिसलं ते एवढंच: कंपाउंडरनं एका पेटीचं झाकण उघडलंय, एक बाटली घेतलीय, एका ॲम्प्यूलची मान मोडलीय. कुणीतरी भिंगरीची बाही वर सारतंय. ती बावरून आईला शोधतेय.

वाद घालायला आता वेळ नव्हता. पोरगी आणि ती बाटली, यांच्यामध्ये येऊन काही होणार नव्हतं. आज ओढून काढलं, उद्याही काढतील. बाटल्या असतील तोवर कुणी ना कुणी त्यात पाणी ओतणारच.

सुईबाईंनी टेबलाखालून झेप घेतली ती कंपाउंडरच्या मनगटावर. दात रुतवले, तोंडात रक्त येईतो सोडलं नाही. तो ओरडला, बाटली सुटली आणि फरशीवर फुटली. मग त्यांनी उघडी पेटी दोन्ही हातांनी उचलून उलटी केली. बाटल्या टपोऱ्या गारांसारख्या सांडल्या. त्यांवर त्या चढल्या. पायात पातळ चप्पल होती, एक निघून गेली, दुसऱ्या पायानं आणि मग उघड्या पायानंच त्या तुडवत राहिल्या. काच तळव्यात घुसत होती ते कळत होतं. दुसरी पेटी ओढली, तीही उलटी केली. सगळ्या वस्तीच्या पोरांचा जीव पायाखाली कराकरा फुटत होता आणि त्या तोंडानं "देवा, देवा" म्हणत होत्या.

लोकांना काय चाललंय हे समजायला दोन श्वास लागले.

"औषध फोडतेय! अरे, औषध फोडतेय रांड!"

मग कोण कुठून मारतंय याला हिशेब राहिला नाही. लाथा, चपला, मोडक्या बाकाचे पाय. एका बाईनं त्यांचा कान ओढून फाडला. ती बाई रडत होती, मारता मारता रडत होती. दिराची सळई आली ती उजव्या हातावर. मनगटाच्या वर हाड मोडलं, वाळकं लाकूड मोडावं तसं. ज्या हातानं वस्तीतली अर्धी माणसं टोचली होती तो हात वेड्यावाकड्या कोनात लोंबू लागला. दिरानं सळई पुन्हा उचलली. या वेळी डोक्याच्या रोखानं.

शटर ओढायचा लोखंडी आकडा दाराशी पडला होता. जावेनं तो कधी उचलला ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं तो दोन्ही हातांनी फिरवला आणि नवऱ्याच्या कानामागे घातला.

दीर गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला. सळई खणखणत गेली.

"मागे व्हा!" जाऊ किंचाळली. आयुष्यात मोठ्यानं हाक न मारलेली बाई. "एकेकाचं टाळकं फोडीन! ह्या बाईला ओळखते मी! सांडलेलं मीठ वेचून घेणारी बाई आहे ही, दुधाचं पातेलं बोटानं पुसणारी! हिनं एवढं औषध पायाखाली घातलं ते काय मजा म्हणून? ते तुमचं पाणी विषच असणार! माझ्या पोरीला हात लावून दाखवा!"

लोक थांबले. तिच्या बोलण्यानं थांबले की आकड्यावरून गळणाऱ्या रक्तानं, कोण सांगणार? कंपाउंडरनं मनगट छातीशी धरून पिशवी उचलली. निम्म्या ॲम्प्यूल काचेत मिसळल्या होत्या, उरलेल्या त्यानं तशाच सोडल्या. फोडायला किंवा टोचायला काही उरलं नव्हतं, तशी गर्दी हळूहळू बाहेर निथळली. जाता जाता एकजण सुईबाईंवर थुंकला. कडेवर तापलेलं पोर घेतलेली एक आई तेवढी दारात उभी राहिली.

"आता माझ्या पोराला काय देशील?" तिनं विचारलं. ओरडून नाही, नुसतं विचारलं.

मग तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती गेली.

जावेनं शटर ओढून घेतलं. आत अंधारून आलं. भिंगरी टेबलावर बसून अंगठा चोखत होती. तिचे डोळे मिटायला आले होते.

दीर कण्हला. जावेनं आकडा टाकला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन पदर दाबून धरला. पदर लाल होत गेला.

"पोरगी?" त्यानं विचारलं. डोळे उघडत नव्हते.

"आहे. इथेच आहे."

"टोचली?"

जावेनं मान वर केली. अंधारात दोघी जावांची नजर एकमेकींना भिडली. नाही म्हटलं तर हा उठेल. उठून पोरीला घेऊन दुसरी बाटली, दुसरी पिशवी शोधत जाईल.

"टोचली," जाऊ म्हणाली.

"रडली का?"

"रडली की. खूप रडली."

"रडू दे," तो म्हणाला. त्याचा श्वास जरा सुटा झाला. मग थांबून, "वहिनीनं टोचली?"

"हो," जाऊ म्हणाली. "वहिनींनीच."

सुईबाईंनी न टोचलेल्या पोराला टोचलं असं कधी म्हटलं नव्हतं, वरून कितीही दटावणी आली तरी. तो त्यांचा नेम होता. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, मोडका हात मांडीवर ठेवून. तोंड उघडलं, आणि मिटलं. खरी सुई येईपर्यंत हे खोटं पुरलं तरी पुष्कळ होतं.

"पोरीला घराबाहेर काढू नकोस," त्या हलक्या आवाजात जावेला म्हणाल्या. "कुणाच्या कडेवर देऊ नकोस. मी सांगेपर्यंत."

जावेनं मान डोलावली. सुईबाई डाव्या हातानं चाचपडत पायाच्या तळव्यातली काच काढू लागल्या.