ट्रीनाच्या ओठाशी अडलेला चमचा

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. पण माझ्यातून आजवर कोणी आत गेले नाही की बाहेर आले नाही. बाल्टिक समुद्राकाठच्या आमच्या गावात दवाखान्याला जोडून, आजाऱ्यांसाठी बांधलेले एक चर्च आहे. तिथल्या वेदीवरच्या मोठ्या चित्राला दोन दारे आहेत. त्यातले डावीकडचे मी. दिसायला भारदस्त असलो तरी स्वभावाने फार घाबरट आहे. कोणी जोरात शिंकले तरी माझा रंग उडेल की काय, असे मला वाटते.

माझा जन्म ओकच्या दोन रुंद फळ्यांतून झाला. सुताराने त्या सरसाने जोडल्या. चित्रकार उस्तादाने त्यांवर खडूचा लेप दिला, तो घासून गुळगुळीत केला आणि मग रंग हाती घेतले. बाहेरची बाजू करडी, रोजच्या दिवसांसाठी. आतली बाजू रंगीत, रविवारी आणि सणाला उघडण्यासाठी. तिथे मागे सोन्याचा वर्ख आहे आणि पुढे संत एलिझाबेथ एका आजारी बाईला सूप भरवते आहे. ही बाई उस्तादाने मनाने काढलेली नाही. समोरच्या खाटेवर ती खरोखर पडून होती, चेहरा पिवळा पडलेली, हनुवटीवर फोड आलेली. एलिझाबेथचा चमचा माझ्या एका फळीवर आला आणि त्या बाईचे तोंड दुसऱ्या फळीवर. मध्ये जरासे अंतर राहिले.

तेव्हा चर्च आणि दवाखाना यांच्यामध्ये भिंत नव्हती. उशीवरून मान न उचलता मी दिसेन अशा खाटा मांडलेल्या असत. औषधे थोडी होती, म्हणून बघण्यावरच भिस्त. आणि एक रीत होती. कोणी शेवटच्या घटका मोजत असेल तर वार कोणताही असो, त्याची खाट पुढे ओढायची आणि मला उघडायचे.

पुढे साथी आल्या. मग संतांच्या मूर्ती-चित्रे न मानणारा नवा ख्रिस्ती पंथ आला आणि मूर्ती उतरवल्या गेल्या. मी मिटलेला, करडा, कोणाच्या डोळ्यांत न भरणारा, म्हणून वाचलो. त्यानंतर किती तरी वर्षे मला कोणी उघडलेच नाही. युद्धात बॉम्ब पडू लागले तेव्हा घोंगड्यांत गुंडाळून मला तळघरात ठेवले. प्रत्येक धमाक्याला मी मनात म्हणत होतो, आता संपलो.

संपलो नाही. वर आलो तेव्हा दवाखान्याच्या लांब दालनात लाकडी खोल्या होत्या आणि त्यांत गावातली एकटी म्हातारी माणसे राहत होती. त्यांच्यासाठी मला पुन्हा दर रविवारी उघडू लागले. त्यांच्यातच वीबके होती. तिचा सारा जन्म मासळीला धुरी देण्यात गेलेला. तिच्या लोकरी शालीलासुद्धा धुराचा वास येई. ती रोज माझ्यासमोर विणत बसायची. चित्रातल्या आजारी बाईचे नाव तिने ट्रीना ठेवले होते.

"काय गं ट्रीने, आजही नाही का पोचलं सूप? गार झालं असेल की!" रविवारी मी उघडलो की ती हटकून विचारायची. "आणि तू गं एलिझाबेथ, हात अवघडला नाही का तुझा? भरव की एकदाचं!"

"वीबके, चर्च आहे हे. जरा हळू," चर्चची राखण करणारा डेटलेफ म्हणायचा.

"तू गप रे. तुझा बाप तर इथे बसून घोरायचा."

मग हीटर आला. म्हाताऱ्यांना थंडी सोसेना, म्हणून नेमकी माझ्याच खाली जाळी बसवून गरम हवा सोडली. सगळे सुखावले आणि मी वाळू लागलो. एक दिवस माझ्या दोन फळ्यांमधला सांधा सुटला. एलिझाबेथच्या पायातल्या जोड्यापाशी चीर पडली आणि ती वर वर सरकू लागली. हनुवटीजवळ ट्रीनाचा रंग पापुद्र्यासारखा उचलला. मित्रांनो, आपलेच अंग उकलताना गप्प राहावे लागणे किती वाईट, हे मी कसे सांगू?

शहरातून चित्रे दुरुस्त करणाऱ्या आस्मुसनबाई आल्या. त्यांनी मला अलगद मिटले.

"आता हे दार हलवायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि ही गरम हवा बंद. हिवाळा सरला की मी येऊन सांधते. मध्येच उघडलंत तर चेहरा जाईल."

डेटलेफने कपाळाला हात लावला. "हीटर बंद केला तर हे सगळे मला सोलून खातील."

वीबके उठली आणि तिने स्वतःच बटण फिरवले. "खाऊ देत. मी बघते त्यांच्याकडे. घोंगड्या काय शोभेला दिल्यात?"

त्या थंडीत वीबके अंथरुणाला खिळली. तिला थंडी माझ्यापायी बाधली की वयापायी, हे मला आजही ठाऊक नाही. मिटलेल्या अवस्थेत मी तिचा खोकला ऐकत राहायचो. डेटलेफ सूप घेऊन जाई, पण ती तोंड फिरवी.

"डेटलेफ, वसंत यायला अजून किती वेळ आहे रे?" एका दुपारी तिने विचारले.

"आहे थोडा."

"म्हणजे बराच आहे," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

डेटलेफला जुनी रीत माहीत होती. त्याने तिची खाट ओढत माझ्यासमोर आणली. शुश्रूषा करणाऱ्या अल्मुट सिस्टरने घडी केलेली घोंगडी घेऊन मला खालून आधार दिला. नका उघडू, असे मला ओरडावेसे वाटत होते; आणि लवकर उघडा, असेही. बिजागरी करकरली. चीर ताणली गेली. ट्रीनाच्या हनुवटीचा एक कपचा सुटून थेट वीबकेच्या पांघरुणावर पडला.

"फोड काढून टाकलास वाटतं, ट्रीने," वीबके पुटपुटली. मग खूप वेळ बघत राहिली. "अजून चमचा धरूनच बसलीय बाई. डेटलेफ, आण ते सूप. तिला मिळत नाही तर तिच्या वाटचं मी पिते."

ती चार घोट प्यायली. येणारा रविवार काही तिने पाहिला नाही.

हिवाळा सरल्यावर आस्मुसनबाई आल्या. डेटलेफने काड्यापेटीत जपलेला कपचा त्यांच्यापुढे ठेवला.

"उघडलंत ना शेवटी? कोणासाठी?"

त्याने सांगितले. बाईंनी कपचा अलगद तळहातावर घेतला.

"पुढच्या वेळी मला आधी बोलवा," त्या म्हणाल्या. "मी धरते खालून."

त्यांनी कपचा पुन्हा जागेवर बसवला. सांध्यात शतकानुशतके साचलेली धूळ आणि जुना सरस खरवडून काढला आणि माझ्या दोन्ही फळ्या आवळून घट्ट जोडल्या. उस्तादाच्या वेळीही त्या इतक्या जवळ नव्हत्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा. ऊन, ऊब, धक्का यांपासून सांभाळा. पण जपण्याच्या नावाखाली आम्हाला कायमचे मिटून ठेवू नका. ज्यांच्यासाठी आम्हाला घडवले, त्यांना बघू द्या. फक्त उघडताना खालून हात द्या. मी अजूनही घाबरतो, दर रविवारी घाबरतो.

सांधल्यानंतर डेटलेफने मला पहिल्यांदा उघडले, तेव्हा तो चित्राजवळ वाकून बघतच राहिला. मग वीबकेच्या रिकाम्या जागेकडे वळून हळूच म्हणाला, "टेकला गं बाई चमचा ओठाला. पोचलं सूप."